दिवसा सांगितलेली गोष्ट

कापूस फुटला की मला भीती वाटते. वर्धा जिल्ह्यात राहून असं बोलायची सोय नाही. इथं कापूस फुटला की माणसं हरखतात, पाहुण्यांना वावर दाखवायला नेतात. परवा देवळीहून बसनं येताना रस्त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या झालेल्या दिसल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "यंदा बोंडं बरी फुटली, नाई जी?" मी हो म्हटलं आणि पदराखाली मूठ आवळून बसले. बोरगाव मेघेला घराशी पोचेपर्यंत ती सुटली नाही. नवऱ्यानं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कापूस दिसला वाटतं." एवढ्या वर्षांत त्याला सवय झाली आहे.

त्याच संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. 'वाटखाऊ'ची नवी आवृत्ती निघते आहे. "ताई, पुस्तक आता अभिजात झालंय. ते कसं घडलं, यावर चार पानं द्या ना." प्रकाशक लोकांना घाई फार. पुस्तक लिहिणारी अजून धडधाकट चालते-फिरते आहे, तिचे केसही पुरते पिकलेले नाहीत, तोवर यांचं अभिजात होऊन बसलं. पण खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. मग खिडकीतून समोरच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेला कापूस दिसला आणि बरं वाटणं संपलं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका मुलखात एक जनावर शिरतं. ते गुरं मारत नाही, माणसं मारत नाही, ते वाटा खातं. लोक सकाळी उठतात तर विहिरीकडे जाणारी वाट नाही. ती बंद झालेली नसते की बुजलेली नसते. ती मुळी नसतेच. तिच्या अलीकडचं घर पलीकडच्या घराला चिकटलेलं असतं आणि मधून कधी कोणी जात होतं याची खूणही नसते. असं करत करत एकेक वाट संपत जाते, आणि रेवी नावाची मुलगी त्या जनावराला शोधायला निघते. मुलं हे पुस्तक वाचतात, मोठीही वाचतात. शाळांतून त्याची नाटकं होतात. माझ्याच गल्लीतली पोरं वाटखाऊ-वाटखाऊ खेळतात. ज्याच्यावर राज्य येतं त्यानं खडूनं काढलेल्या रेघा पुसत यायचं. मी गॅलरीतून पाहते आणि आत येते.

समारंभात कोणी ना कोणी उठून विचारतंच, ताई, तुम्हाला हे सुचलं कसं? माझं उत्तर पाठ आहे. बालपणीच्या गोष्टी, विदर्भाची माती, वगैरे वगैरे. टाळ्या पडतात, नारळ मिळतो. खरं उत्तर सांगायचं म्हणजे ते पुस्तक मी कारंज्याला मामाच्या घरी, एका कापसाच्या हंगामात, तोंडात सुपारी धरून आणि सतत घाबरलेल्या अवस्थेत लिहिलं. यातलं एकही वाक्य नारळ घेता घेता सांगण्यासारखं नाही.

आमच्याकडे एक समजूत आहे. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतर. दुपारी पोरानं हट्ट धरला की मोठी माणसं हेच सांगून त्याला गप्प करतात. ही काबाडकष्ट करणाऱ्यांनी काढलेली पळवाट आहे हे उघडच आहे. भर दुपारी निंदण सोडून गोष्टी कोण सांगत बसणार? बहुतेक घरांत ही थट्टाच असते, कारण बहुतेकांचे मामा जाऊन जाऊन जाणार कुठं? वावरात नाहीतर पानठेल्यावर. चुकले तरी जेवायच्या वेळेला घरी येतात. आमचा मामा ट्रक चालवायचा.

कारंज्याला नागपूर-अमरावतीच्या हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. थोडंसं वावर होतं, ते मामी बघायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून सुट्टी लागली की मी तिथंच. मामा खेप करून आला की अंघोळ करून सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपराखाली, खाटेवर बसायचा आणि मी त्याला पुढची खेप म्हणून दाखवायला लावायची. "तळेगाव, तिवसा, मोझरी, नांदगावपेठ, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला..." असं तो थेट समुद्रापर्यंत न्यायचा. मधले ढाबे, चढ, नाके, वळणं सगळं त्यात यायचं. मला ती गोष्टच वाटायची. खरी गोष्ट मागितली की मात्र हात जोडायचा. "नाई माय. दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते. आन् मामा तं मीच आहो. मीच सांगीन आन् मीच चुकीन? असा येडा पाह्यला का कोणी?"

तो थट्टेनं बोलायचा. मामीला ती थट्टा चालत नसे. एका दुपारी मामा खेपेवर असताना मी शेजारच्या पोरींना राक्षसाची गोष्ट सांगत होते. मामी पीठ मळत होती. ती तशीच धावत आली आणि तिनं पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "पोट्टे, तो तिकडं घाटात असन आता!" तिचे डोळे मला अजून आठवतात. पीठ नाकात गेलं होतं, श्वास कोंडला होता. माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य दूर कुठल्याशा घाटात जाऊन मामाच्या गाडीपुढे उभं राहतं, हे चित्र त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे शिकले, शिक्षिका झाले, मुलांना विज्ञान शिकवलं. त्या चित्राला काही झालं नाही.

मी शिकवत होते ती शाळा बंद पडली त्या वर्षीची ही हकिगत. दिवाळीनंतर मामीचा फोन आला. "पमे, कापसाचा वेचा सुरू झाला. बाया लावल्या तं मले दिवसभर वावरात राहा लागते. तुह्या मामाले एकटं सोडता येत नाई आता. येते का वेचा होईपर्यंत?"

मामानं गाडी सोडून काही वर्षं झाली होती. त्याचं विसरणं सुरू झालं होतं ते आम्हाला माहीत होतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून सांगितलं होतं की हा आजार आहे, हळूहळू वाढेल, माणसाला सांभाळा. मला ते पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वावरात सीतादही होती. पहिल्या वेच्याच्या वेळी धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाशी, दहीभात ठेवून पूजा करतात, मग बाया ओट्या बांधून कपाशीच्या ओळींत, तासांत, उतरतात. मामीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मामा हात जोडून उभा होता. छान प्रसन्न दिसत होता. सगळ्या बायांसमोर त्यानं विचारलं, "वावर कोणाचं आहे वं हे? लय नामी फुटला कापूस." बाया हसल्या, त्यांना वाटलं मामा गंमत करतो आहे. मामीही हसली. मग ती नारळाची करवंटी उचलायला वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

मधल्या खोलीत कापूस साठू लागला. रोज संध्याकाळी गाठोडी यायची, मोजली जायची आणि आत ओतली जायची. बघता बघता ढीग खिडकीच्या वर गेला. अशा खोलीत कधी बसला आहात का? तिथं आवाज राहत नाही. खोलीच्या दारात बसून हाक मारली तर ती निम्मी आतल्या आतच जाते. अंगाला खाज सुटते, घसा कोरडा पडतो. बाहेर ऊन लख्ख असायचं, हायवेवर गाड्यांची ये-जा चालू असायची आणि त्या दारात बसून मला आपण बहिऱ्या झालो आहोत असं वाटायचं.

मामा सपरीत खाटेवर असायचा. मधूनच उठायचा, फाटकापर्यंत जायचा, कडीवर हात ठेवायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा आणि परत यायचा. पुन्हा थोड्या वेळानं तेच. ज्या माणसाला अर्धा देश तोंडपाठ होता तो फाटकाशी उभा राहून विचार करत होता की यापुढे काय असतं. माझ्या मनात आलं, याचा रस्ता कोणी खाल्ला? हातात कागद होते, नोकरीचे अर्ज लिहायला आणलेले. त्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं.

संध्याकाळी लिहिणं जमण्यासारखं नव्हतं. मामी दमून यायची, स्वयंपाक, कापसाची मोजणी, मामाला जेवू घालणं यात दिवस संपायचा. जे काय लिहायचं ते उन्हातच. एकदा मामी डबा विसरली म्हणून दुपारी परत आली आणि दारातच थबकली.

"काय लिहून राह्यली वं?"

"गोष्ट."

"दिवसा?"

मामी मामाकडे बघत राहिली. तो शांत झोपला होता. तिनं डबा उचलला, जाता जाता वळली, आणि एखाद्या वकिलानं काढावी तशी पळवाट काढली. "लिहिलं तं चालते. तोंडानं नाई सांगजो."

आता अडचण अशी की मला पुटपुटल्याशिवाय लिहिता येत नाही. वाक्य आधी ओठांवर येतं, मग कागदावर. म्हणजे ते सांगणंच झालं की नाही? मी विचार केला आणि पानाच्या डब्यातली एक अख्खी सुपारी उचलून दाढेखाली धरली. तोंड बंद राहील अशी व्यवस्था. तो सगळा हंगाम मी तशी लिहीत होते, जबडा दुखेपर्यंत. 'वाटखाऊ'तली वाक्यं तुटक, दाबून धरलेली आहेत, भयाचा ताण शैलीतच उतरला आहे, असं पुढे कोणीतरी लिहिलं. शैली कसली, सुपारी होती.

जनावरानं पहिली वाट खाल्ली ते प्रकरण लिहून झालं त्या दिवशी मी खुशीत होते. कागद खाली ठेवून मामाला म्हटलं, "मामा, खेप म्हण ना." त्यानं लगेच सुरुवात केली. "तळेगाव, तिवसा..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "तळेगाव, तिवसा..." मी वाट पाहिली. तो हसला, कानशील खाजवलं, "पुढं काय आहे वं?" मी मोझरी म्हटलं. तो म्हणाला, "असन." जशी काही मी एखाद्या परदेशातल्या गावाची माहिती देत होते. माझ्या मांडीवरच्या कागदावरची शाई अजून ओली होती.

योगायोग, मी स्वतःला सांगितलं. मग मी जनावराला विहिरीची वाट खाऊ घातली, आणि मामा अंघोळीला म्हणून उठला तो मागच्या मोरीकडे जायचा सोडून कापसाच्या खोलीत शिरला. मांडीपर्यंत कापसात उभा होता, खांद्यावर टॉवेल, आणि मला विचारत होता की पाणी कुठं आहे. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्याच्या भुवयांवर कापूस चिकटला होता. तो काढताना मी सारखी मागं वळून कागदांकडे बघत होते, ते त्याला दिसलं. "काऊन भेते वं?" त्यानं विचारलं.

एक उपाय करून पाहिला. जनावराला उलटी झाली आणि एक वाट परत आली असं पान लिहिलं. सकाळी उठून मामाला खेप म्हणायला लावली. तळेगाव, तिवसा, आणि गप्प. मी ते पान फाडून चुलीत घातलं. माझ्या लेखणीला घेणं तेवढं येत होतं, देणं येत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, मग थांबायचं होतं. थांबले ना मी! आठवडाभर कागदांना हात लावला नाही. त्या आठवड्यात मामा जसा होता तसा राहिला, आणि यानं तर माझी भीती दुप्पट झाली. त्याचं बिघडत गेलं असतं तर मी सुटले असते. डॉक्टर खरे ठरले असते. आणि एक दुसरी गोष्ट होती, ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. मला ते लिहायचं होतं. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि ते मला कळत होतं. रेवी रोज सकाळी डोक्यात येऊन उभी राहायची.

पुन्हा लिहू लागले तेव्हा पुढे एकच वाट उरली होती. गोष्टीला दुसरा मार्गच नव्हता. जनावराला शेवटी घराची वाट खावी लागणार होती, त्याशिवाय रेवी त्याच्या समोर पोचत नव्हती. मी रोज त्या पानाच्या तोंडाशी यायची आणि मागे फिरायची. रेवीला उगाच नदीवर पाठवायची, उगाच बाजारात फिरवायची. ती सगळी प्रकरणं छापताना काढून टाकली.

मग एका सकाळी मामानं हट्ट धरला. "मी बी वावरात येतो. बायायनं कापूस नीट वेचला पाह्यजे." मामीला बरं वाटलं. ती त्याला घेऊन गेली. घर रिकामं. मी विचार केला, आज तो मामीच्या नजरेसमोर आहे, भोवती इतक्या बाया आहेत, आज काय होणार? आजच उरकून टाकावं. सुपारी दाढेखाली धरली आणि जनावराला घराची वाट खाऊ घातली. हात भरून आला तरी थांबले नाही. रेवी आता एका पांढऱ्या मोकळ्या जागेत उभी होती, जिथं कुठलीच दिशा नव्हती. मी पेन ठेवलं आणि फोन वाजला.

"पमे, तुहे मामा तिकडं आले का वं?"

मी सुपारी गिळणारच होते. खोकून खोकून ती बाहेर पडली.

भीतीनं माणूस बसतो म्हणतात, मी पळत सुटले. वावरात पोचले तर बाया कापसानं भरलेल्या ओट्या तशाच पोटाशी धरून तासांमधून पळत होत्या. कपाशीची पऱ्हाटी छातीला लागेल एवढी वाढलेली. त्यात कोणी बसला असेल तर दिसणार कसा? मामी शेजारच्या वावरातल्या बिनकठड्याच्या विहिरीत वाकून बघत होती. सरळ झाली आणि मान हलवली. तिथं नाही, एवढंच. मी तिच्याशी नजर मिळवू शकले नाही. "तू रोडवर पाह्य," ती म्हणाली.

हायवेवर गाड्या एकामागून एक जात होत्या. मी प्रत्येक ढाब्यावर विचारत गेले. उंच म्हातारा, पांढरा सदरा, पायात चप्पल आहे की नाही माहीत नाही. नाही बा. नाही दिसले. शेवटच्या ढाब्यापुढे ट्रकांची रांग होती. मी मान वर करून करून एकेका केबिनमध्ये बघत चालले. एका ट्रकच्या क्लीनरच्या जागेवर मामा बसला होता. फडक्यानं आतून काच पुसत होता, मन लावून, कोपऱ्यातही.

"मामा! खाली ये."

"चूप," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उस्ताद जेवून राह्यले. ते आले का निघतो."

ज्या ड्रायव्हरच्या हाताखाली मामा पोरवयात क्लीनर म्हणून शिकला त्याला तो उस्ताद म्हणायचा. उस्ताद जाऊन जमाना झाला होता. ट्रकचा खरा ड्रायव्हर हात पुसत आला आणि दचकला. "ये बाबा आपके हैं क्या? मैं तो बस निकलने ही वाला था, बहनजी. गुवाहाटी का माल है." मी गुवाहाटी हा शब्द ऐकला आणि ट्रकच्या चाकाला टेकून उभी राहिले. मामा खाली येईना. शेवटी मी म्हटलं, उस्ताद म्हणाले आज मुक्काम इथंच, उद्या निघायचं. तेव्हा तो शहाण्यासारखा उतरला आणि माझ्या मागून चालत आला.

घरी आल्यावर मामीनं त्याला चहा दिला. मी तिच्या समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. जनावर, वाटा, तिवसा, मोरी, आणि आज सकाळी लिहिलेलं पान. मला वाटलं ती मारेल. किंवा म्हणेल, असं काही नसतं वं, आजार आहे तो. तिनं तसं म्हणावं म्हणून माझा जीव आसुसला होता. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मंग? मेलं का ते जनावर?"

"नाही. गोष्ट संपली नाही अजून."

"मंग संपव. मार त्याले," मामी म्हणाली. "अर्धवट नको सोडू, पमे. मोकळं जनावर लय वाईट."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, मामीही गेली. मला भाऊ नाही, म्हणजे माझ्या लेकीला मामाच नाही. ती भर दुपारी मैत्रिणींना बिनधास्त गोष्टी सांगत बसते. हिशेबानं तिच्या गोष्टीनं वाट चुकेल असा जगात कोणी नाही. तरी तिचा आवाज ऐकला की मी हातातलं काम सोडून दारापर्यंत जाते, आणि मग काही न बोलता परत येते. मी स्वतः त्या हंगामानंतर उजेडात एक ओळ लिहिलेली नाही. हे लिहिते आहे तेही दिवा लावून.

तर मामा ट्रकमध्ये सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामी वावरात गेली. जाताना फाटकाला बाहेरून कुलूप घालून गेली आणि मला फाटकावरून किल्ली दिली. मी कागद घेऊन बसले. मार म्हणणं सोपं. कशानं मारू? रेवीजवळ काही नव्हतं. तिला मी पळवत होते, नुसती पळवत होते, आणि ते जनावर तिच्या पायांखालचं खात मागून येत होतं. दुपार झाली. खाटेवरून आवाज आला.

"काय लिहून राह्यली, पमे?"

"गोष्ट."

"सांग ना मंग."

"दिवसा नाही सांगत मामा. तूच म्हणायचास. मामा वाट चुकतो."

तो मनापासून हसला. खूप दिवसांनी तसा हसला, जुना मामा. "अवं, मी तं चुकलोच आहो. आता कोणाचं भेव आहे तुले?"

त्याला स्वतःच्या चुकण्याची कल्पना नाही असं मला वाटत होतं. त्याला ती पुरती होती. मी तोंडातली सुपारी काढून टाकली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, मोठ्यानं, लख्ख उजेडात. एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. मामा आधी पडून ऐकत होता, मग उठून बसला, मग दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. जनावर आलं की तो फाटकाकडे बघायचा. विहिरीची वाट गेली तेव्हा "अरे रे" म्हणाला. मी घराच्या वाटेपर्यंत आले, ते पान वाचलं आणि थांबले.

"मंग?"

"पुढचं सुचत नाही."

"पोरगी काय करून राह्यली?"

"पळते आहे. रस्ता शोधते आहे."

"पळू नको म्हणा तिले!" मामा रागावला. "उस्ताद काय सांगे? वाट चुकली का गाडी बाजूले लाव. इंजन बंद कर. जितका जाशीन तितका चुकशीन. बसून राह्य. कोणी ना कोणी येते."

ज्यांनी पुस्तक वाचलं आहे त्यांना शेवट माहीत आहे. रेवी पळायची थांबते आणि खाली बसते. जनावर येतं, तिच्याभोवती फिरतं, पण चालणाऱ्याच्याच वाटा त्याला खाता येतात, बसलेल्याजवळ त्याच्या खाण्याजोगं काही नसतं. ते उपासानं खंगतं आणि त्याच्या पोटातल्या वाटा एकेक करून बाहेर येऊ लागतात. या शेवटावर लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. एका समीक्षकानं तर रेवीच्या बसण्यात सत्याग्रह पाहिला. वर्ध्याची बाई म्हटल्यावर ते होणारच होतं. मी कधी खुलासा केला नाही.

त्या दुपारी मी मामाचं बोलणं घाईघाईनं कागदावर उतरवून घेतलं आणि मला आनंदानं रडू आलं. संपलं, मेलं जनावर, असं वाटलं. त्या सगळ्या हंगामात मी घाबरलेली नव्हते अशी ती तेवढीच काही मिनिटं. मान वर केली तर मामा माझ्याकडे बघत होता. त्यानं सदरा नीट केला, पाय खाटेखाली घेतले, कोणी परकं माणूस समोर असावं तसा सावरून बसला.

"गोष्ट नामी सांगता तुमी," तो म्हणाला. "कोणाच्या घरच्या जी?"

सकाळी त्यानं मला पमे म्हणून चहा मागितला होता. आत्ता, गोष्ट सुरू होण्यापूर्वी, पमे म्हणाला होता. मी माझं नाव सांगितलं. माझ्या आईचं नाव सांगितलं, त्याच्या सख्ख्या बहिणीचं. तो अदबीनं मान हलवत राहिला. मी उठले. वावरात मामीकडे धावत जावं, फाटक उघडून कुठंही जावं असं झालं आणि किल्ली कुठं ठेवली तेच आठवेना. मी तिथल्या तिथं गोल फिरत होते, कागद सगळे जमिनीवर पडले होते.

"भेऊ नका जी," मामा म्हणाला. त्यानं सरकून खाटेवर जागा केली आणि हातानं थोपटून दाखवली. "इथं बसा. येईन कोणी तुमाले घ्याले."

संध्याकाळी मामी वावरातून आली तेव्हा आम्ही दोघं तिथंच बसलो होतो.